गोळीचं बूड

नेमबाजी करतो म्हटलं की लोक आधी पिस्तुलाची चौकशी करतात. कोणत्या कंपनीचं, केवढ्याला पडलं, लायसन्स कसं मिळालं. मग नेमाची. गोळीबद्दल सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ती टोकदार असते की चपटी, एवढ्यावर गाडी थांबते. मला मात्र शिशाची गोळी हातात आली की ती उलटी करून पाहायची सवय आहे. कागदाला भोक पडतं ते टोकाने, हे खरं. पण ते भोक कुठे पडायचं, हे पुष्कळदा बुडाने ठरवलेलं असतं.

कारण सरळ आहे. नळीतून निघताना गोळीचं टोक आधी मोकळ्या हवेत येतं आणि नळीचं तोंड सगळ्यांत शेवटी सोडते ती तिची मागची कड. त्या क्षणी मागे दाबाखालचा गॅस असतो. कड चौफेर सारखी असेल तर गॅस चारी बाजूंनी एकदम सुटतो आणि गोळी सरळ जाते. कडेचा एक बारीक टवका उडालेला असेल तर गॅस तिथून क्षणभर आधी निसटतो, गोळीला मागून तिरपा धक्का बसतो आणि ती हेलकावत निघते. फ्रँकलिन मान या अमेरिकन डॉक्टरने वर्षानुवर्षं प्रयोग करून 1909 मध्ये ते छापले. त्याने गोळ्यांची टोकं मुद्दाम बिघडवली, नेम फारसा हलला नाही. बुडं बिघडवली, आणि गोळ्या फाकल्या. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी दुकानात बॉक्स उघडल्यावर माणूस टोकंच न्याहाळतो.

मला या विषयाचं वेड लागलं ते माझ्या मोठ्या भावामुळे. दादा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरातून इंजिनिअर होऊन निघाला तो ओहायोत स्थिरावला. तिथे तो रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा खेळतो, आणि त्या खेळासाठी लागणाऱ्या जड, ओतीव शिशाच्या गोळ्या स्वतः ओततो, काडतुसंही स्वतः भरतो. त्या राज्यात स्वतःच्या वापरासाठी हे करायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

गोळी जड म्हणजे किती जड? या गोळ्यांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेनचा एक पाउंड होतो. आकडा परका वाटतो, पण इंग्रजांनी 1833 मध्ये आपल्याकडचा तोळा पक्का केला तो बरोबर 180 ग्रेनचा. म्हणजे 180 ग्रेनची गोळी ही नेमकी तोळाभर शिशाची गोळी. .38 स्पेशल रिव्हॉल्व्हरची जुनी ठरलेली गोळी 158 ग्रेनची, तोळ्याला थोडी कमी. दादा स्पर्धेला वापरतो ती 200 ग्रेनची, तोळ्याहून वरचढ. इतवारीच्या सराफ्यात लहानपणी आईसोबत बसलेल्या कोणालाही हे वजन तळहाताला लगेच ओळखू येईल.

जड गोळी कशासाठी, हे कळायला स्पर्धेचा एक नियम समजून घ्यावा लागतो. धावत, वळत, आडोशाआडून नेम धरायच्या ज्या स्पर्धा आहेत, त्यांत काडतुसाला किमान जोर असावा लागतो. नाहीतर प्रत्येक जण फुसकी काडतुसं घेऊन येईल आणि झटके न खाता जिंकून जाईल. म्हणून गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, तिचा वेग सेकंदाला किती फूट ते घ्यायचं, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. आलेल्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. बऱ्याच स्पर्धांत खालच्या गटासाठी तो 125 च्या वर लागतो. आता 125 ग्रेनची हलकी गोळी घेतली तर तिला हजार फुटांच्या वर पळवावं लागतं. 200 ग्रेनची घेतली तर साडेसहाशे फुटांत काम भागतं, कारण 200 गुणिले 650, भागिले हजार म्हणजे 130. दोन्ही नियमात बसतात, पण हाताला लागतात वेगवेगळ्या. हलक्या गोळीला पळवायला पावडर जास्त लागते, त्या पावडरचा गॅसही नळीतून सुटताना हाताला मागे ढकलतो, आणि झटका तडकाफडकी येतो. जड गोळी सावकाश निघते. दादाच्या भाषेत, एक थप्पड मारते आणि दुसरी खांद्याला धरून मागे सारते. सहा गोळ्या भराभर झाडायच्या असतील तर दुसरीच बरी, कारण नळीच्या टोकावरची नेमाची माशी पुन्हा निशाण्यावर लवकर येते.

याला किंमतही आहे. सावकाश जाणारी गोळी नळीत जास्त वेळ असते, तेवढ्यात रिव्हॉल्व्हर वर उचललं जातं, म्हणून जड गोळी हलक्या गोळीपेक्षा कागदावर वर लागते. ज्याची नेम धरायची साइट वरखाली करता येत नाही अशा जुन्या रिव्हॉल्व्हरवाल्याला यावर फार उपाय नसतो. शिवाय जड गोळी लांब असते आणि लांब गोळीला सरळ ठेवायला गिरकीही जास्त लागते. ही गिरकी नळीच्या आतल्या पिळदार खोबणी देतात, आणि स्मिथ अँड वेसनच्या .38 नळीत त्यांचा पावणेएकोणीस इंचांत एकच वेढा असतो. वेग फार उतरवला तर लांब गोळी वाटेत आडवी होते आणि कागदावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या भोकासारखी चीर पडते. तशी चीर दिसली की दादा तो भरणा तिथेच बंद करतो.

लांब, गोल टोकाच्या गोळीचा आणखी एक फायदा म्हणजे ती सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या चाकाच्या, भोकात पटकन घुसते. रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेत खरा वेळ जातो तो सहा गोळ्या संपल्यावर पुन्हा सहा भरण्यात. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने 1999 मध्ये सहा गोळ्या झाडून, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या त्या एकूण 2.99 सेकंदांत. ती फीत मी कितीदा पाहिली असेल, तरी त्याची बोटं कधी सिलिंडरला लागतात ते अजून डोळ्यांना सापडलेलं नाही.

जड शिसं हे आपल्यालाही परकं नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी आपलं अवजड .455 रिव्हॉल्व्हर हलकं करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी .38 च्या काडतुसात 200 ग्रेनची शिशाचीच गोळी बसवली होती. पुढे उघड्या शिशाची गोळी युद्धाच्या नियमांत बसेल की नाही अशी शंका आली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिची जागा 178 ग्रेनच्या, धातूचं आवरण असलेल्या गोळीने घेतली. कानपूरला बनणारं आपलं .32 रिव्हॉल्व्हर, जे परवानाधारकांच्या कपाटांत आजही सापडतं, ते त्याच घराण्यातल्या, वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या चौथ्या मॉडेलवर बेतलेलं आहे. त्याची गोळी मात्र निम्म्या वजनाची.

आता दादाचं गॅरेज. मी एका हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. पाहुण्याच्या व्हिसावर तिथे बंदूक आणि दारूगोळा हाताळायला कायद्याने मनाई आहे, म्हणून मी स्टूल ओढून फक्त पाहत बसलो, आणि ते बरंच झालं. हात रिकामे असले की डोळे नीट चालतात. बाहेर बर्फ, आत गॅरेजचं दार मुद्दाम अर्धं उघडं, कारण शिशाच्या वाफा आणि धूर आत कोंडू द्यायचा नसतो. मध्ये विजेवर तापणारं भांडं. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, ओतायला ते त्याहून पन्नास-साठ अंश वर तापवावं लागतं. दादाने भांड्यात मेणाचा तुकडा टाकला, तो भडकून जळला, मग लाकडी दांड्याने ढवळून त्याने वर आलेली काळी मळी झाऱ्याने काढली. मळीखालचं शिसं इतकं स्वच्छ निघालं की त्यात छताचा दिवा दिसत होता.

साचा दोन लोखंडी ठोकळ्यांचा, वर एक सरकती पट्टी, पट्टीत भोक. त्या भोकातून शिसं आत ओततात. आणि इथेच मला पहिल्यांदा नीट उमगलं की बहुतेक साच्यांत गोळी उलटी ओतली जाते. टोक खाली, बूड वर, पट्टीला लागून. म्हणजे गोळीचं बूड जिथे तयार होतं, तिथेच ओतण्याचं भोक असतं आणि तिथेच कापणंही होतं. वर उरलेला शिशाचा गड्डा गोठला की पट्टीला ठोका द्यायचा, ती सरकते आणि गड्डा कापून टाकते. घाई केली तर आतलं शिसं अजून मऊ असतं, पट्टी ते फरफटत नेते आणि बुडाच्या मधोमध खड्डा पडतो. पट्टी सैल असली तर तिच्या फटीत शिसं शिरतं आणि बुडाच्या कडेला पातळ पापुद्रा येतो. साचा थंड असला तर कड भरतच नाही, गोल राहते. गोळीवर येणारी जवळजवळ सगळी संकटं बुडाच्याच वाट्याला येतात.

मी म्हणालो, "दादा, झालं ना गोठून?"

"काहून घाई करून राहिला बे? चमक जाऊ दे पहिले."

गड्ड्यावरची चकाकी एका क्षणी मावळते, वर बारीक दवासारखी पांढुरकी छटा येते, आणि त्यानंतरही दादा मनात दोनेक आकडे मोजतो. मग ठोका. ठोकळे उघडतात, गोळी जाड सुती कापडावर पडते. दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारा हा माणूस साच्यासमोर बसला की त्याच्या तोंडून महालातली बोली आपोआप निघते, हे मला फार आवडलं.

गोळ्या गार झाल्यावर तो त्या फळीवर बूड वर करून ओळीने उभ्या करतो आणि दिव्याचा झोत बाजूने सोडतो. वरून उजेड पाडला तर काही कळत नाही. बाजूने पाडला की ज्या गोळीची कड धारदार आहे तिच्याभोवती उजेडाचं पूर्ण कडं दिसतं. जिथे कड गोल आहे तिथे ते कडं तुटतं. भिंग घेऊन तो एकेक पाहतो. टोकावर सुरकुती असलेली गोळी सरावाच्या डब्यात जाते. बुडाची कड तुटलेली गोळी, बाकी कितीही देखणी असो, पुन्हा भांड्यात. मग तराजू. एखादी गोळी तिच्या बहिणींपेक्षा दोन-तीन ग्रेन हलकी भरली तर आत कुठेतरी हवेची पोकळी आहे असं समजायचं, तीही भांड्यात.

भांड्याजवळ पाण्याचा थेंबही येऊ द्यायचा नाही, हा त्याचा सगळ्यांत कडक नियम. वितळलेल्या शिशाखाली थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि भांडंभर शिसं अंगावर उसळतं. तो बाही पूर्ण घालतो, चष्मा लावतो, आणि मी चहाचा कप घेऊन आत आलो तेव्हा त्याने मला बोटाने दार दाखवलं.

काडतुसं भरायचं टेबल वेगळं, दिवसही वेगळा. तिथलं मोजमाप मी इथे लिहिणार नाही. ते ज्याला कायद्याने करता येतं त्याने पावडर बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यातूनच घ्यावं. पण एक धोका सांगण्यासारखा आहे. .38 ची केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, मोठी असते आणि नेमबाजीच्या भरण्यात पावडर तळाशी चिमूटभर असते, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी ती केसबाहेर सांडत नाही, दिसत नाही. आणि दुप्पट पावडर सिलिंडर फोडू शकते. म्हणून दादा सगळ्या केसेस ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत टॉर्च मारतो, मगच गोळी बसवतो. उलट पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टिकलीच्या, जोराने गोळी नळीत शिरून अडकते. त्यावर दुसरी झाडली की नळी गेली. रेंजवर आवाज नेहमीपेक्षा बोदा आला की थांबायचं, ही शिस्त आम्हालाही इथे पहिल्या दिवसापासून शिकवतात.

शिसं नुसतं शुद्ध असलं तर मऊ पडतं, साच्यात आकसतं, कड भरत नाही. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. कथलामुळे शिसं साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट शिरतं, अँटिमनीमुळे कडक होतं आणि गोठताना कमी आकसतं. शंभरात नव्वद शिसं, पाच कथील, पाच अँटिमनी हे अमेरिकेत नावाजलेलं मिश्रण. दादाने त्याच्या फळीवरून एक जुनी, करड्या रंगाची कांडी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "हे कायचं आहे ओळख." मी ओळखलं. ते लायनोटाइपचं शिसं होतं, छापखान्याचं. साधारण चौऱ्याऐंशी भाग शिसं, बारा अँटिमनी, चार कथील. 1970 च्या दशकात तिकडची वर्तमानपत्रं ऑफसेटवर गेली तेव्हा गोळ्या ओतणाऱ्यांनी हे शिसं मणांनी विकत घेऊन ठेवलं होतं. दादाकडची कांडी अशाच कोण्या म्हाताऱ्या नेमबाजाच्या साठ्यातली.

आमचे बाबा जुळारी होते. महालातल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. त्या खिळ्यांचं शिसं याच तीन धातूंचं, हाताने जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी आणि कथील आणखी जास्त, कारण ते हजारो वेळा कागदावर दाबले जायचे आणि तरी अक्षराची कड मोडता कामा नये. खिळ्याची उंची ठरलेली असायची, 0.918 इंच. फर्म्यात, म्हणजे छापायच्या पानाच्या चौकटीत, हजारभर खिळे उभे असले तरी सगळ्यांची डोकी एका पातळीत हवीत. एखादा वर राहिला तर कागद फाडतो, खाली राहिला तर अक्षर पुसट येतं. आणि खिळा वर राहण्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात नसायचं, पायात असायचं. बुडाला चिकटलेला शाईचा खडा, कागदाचा कपटा, घासून आलेली बारीक कूस. फर्मा आवळण्याआधी बाबा त्याच्या खालची सपाट फरशी फडक्याने पुसायचे आणि वर तळहात फिरवून चाचपायचे. मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन जायचो तेव्हा हे पाहिलेलं आहे. एकदा विचारलं, इतकं काय पुसता? म्हणाले, "खाली कचरा असला का वर अक्षर बोंबलते."

मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, पत्र्याच्या छताखाली सगळे बनियनवर काम करायचे आणि बाबा अशा वेळीही प्रत्येक संशयित खिळा चिमट्याने उचलून उलटा करून बघत. छापखाना बंद झाला तेव्हा खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. कुठे गेले असतील? कोणाच्या बॅटरीत, कोणाच्या मासे धरायच्या जाळ्याच्या गोळ्यांत. दादाच्या गॅरेजमध्ये ती कांडी हातात धरलेली पाहताना मला वाटलं, बाबांना हे काम पाच मिनिटांत कळलं असतं. बंदुकीचं त्यांना काही प्रेम नव्हतं. पण बाजूने उजेड पाडून बुडं तपासणारा मुलगा पाहून ते नक्की शेजारी बसले असते.

कडकपणाबद्दल एक गैरसमज फार आहे. गोळी जेवढी कडक तेवढी चांगली, असं नव्या माणसाला वाटतं. नळीच्या आत रायफलिंगच्या खोबणी असतात आणि गोळीने त्या पूर्ण भरायला हव्यात. म्हणून ती खोबणीच्या मापापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने जाड ठेवतात, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या पुढच्या भोकांचं मापही तिच्याशी जुळावं लागतं. ते माप चुकलं, गोळी बारीक पडली, आणि वर कडकही असली, तर कमी दाबाच्या भरण्यात तिचं बूड फुगत नाही. गॅस बाजूने पुढे निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि ते शिसं नळीला चिकटतं. मग तासन्‌तास ब्रश मारत बसा. सावकाश जाणाऱ्या जड गोळीला बेताचं मऊ शिसंच मानवतं, कारण मागून दाब आला की तिचं बूड किंचित पसरून नळी बंद करतं. वर मेणाच्या मिश्रणाचं वंगण खाचांत भरलेलं असतं, ते वेगळं.

बूड पसरून नळी बंद करतं ही कल्पना जुनी आहे आणि आपल्या इतिहासात ती फार खोलवर गेलेली आहे. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज भिडले तेव्हा उडाल्या त्या गोल गोळ्या. गोल गोळीला बूडच नसतं. ती गुळगुळीत नळीत सैल बसायची, धडका खात बाहेर पडायची आणि शंभर पावलांपलीकडे तिचा भरवसा नसायचा. अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयातल्या, शस्त्रांसमोर उभा राहिलो की मला त्या लांब नळ्यांपेक्षा त्यांच्या तोंडाची रुंदी दिसते. मग 1849 च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने लांबट गोळीला मागून पोकळी दिली. दाब आला की पोकळ बूड फुलून खोबणीत बसायचं. इंग्रजांची 1853 ची एन्फिल्ड रायफल याच विचारावर उभी होती, आणि तिची काडतुसं कागदात गुंडाळून चरबीने माखलेली असायची, कारण रायफलिंगमध्ये घट्ट बसणाऱ्या शिशाला वंगण लागतंच. नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं आणि तीनच वर्षांत त्या चरबीवरून सगळा उत्तर हिंदुस्थान पेटला. उठावाची कारणं पुष्कळ होती, हे मान्य. पण ती ठिणगी जिथे पडली ते शिशाच्या गोळीचं वंगण होतं, हे मला विसरता येत नाही.

आता इथलं. शस्त्र अधिनियम 1959 च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. नेमबाजीचं लायसन्स असलं म्हणून घरी काडतुसं भरता येतील असं समजून कोणी भलतं साहस करू नये. मला हा कायदा जाचक वाटत नाही. दाट वस्तीत, गॅस सिलिंडरशेजारी, गच्चीवर कोणी पावडर मोजत बसावं असं मला मुळीच वाटत नाही. पण त्यामुळे आपल्या नेमबाजाला गोळीशी ओळख करून घ्यायची संधीच मिळत नाही, ही खंत आहे. 25 मीटरच्या सेंटर फायर प्रकारात आंतरराष्ट्रीय नियमाने शिशाची किंवा तशाच मऊ धातूचीच गोळी चालते. जसपाल राणाने 2006 च्या दोहा एशियाडमध्ये याच प्रकारात 590 गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्यात वापरतात ती .32 ची चपट्या तोंडाची, सुमारे 98-100 ग्रेनची वॅडकटर बहुतेक बाहेरून येते. बॉक्स उघडायचा, भरायची, झाडायची. गोळी कशी जन्मते हे पाहिलेलं नसतं, म्हणून ती फाकली की मुलं मनगटाला दोष देतात, श्वासाला देतात, झोपेला देतात.

मी रेंजवर मुलांना दहा मीटरचं एअर पिस्तूल शिकवतो, तिथे ही ओळख करून देता येते. एअर पिस्तुलाची पेलेट अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. कंबर बारीक, पुढे डोकं, मागे पोकळ घेर. तो घेर म्हणजे तिचं बूड, मिनिएच्या गोळीचीच नात म्हणा. हवेचा दाब आला की घेर नळीला टेकतो. डबा हातातून पडला, किंवा बॅगेत तळाशी दबला, की पहिलं नुकसान घेराचं होतं, कारण तिथे शिसं सगळ्यांत पातळ. मी मुलांना पेलेटा पांढऱ्या कागदावर उलट्या मांडायला लावतो आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने पाडायला सांगतो. घेर लंबगोल दिसला की ती बाजूला. मग पिस्तूल शिकंज्यात आवळून चांगल्या पाच आणि बाजूला काढलेल्या पाच वेगवेगळ्या कागदांवर मारतो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. चांगल्या पाचांचं एकच भोक होतं, दुसऱ्या पाचांची भोकं मोजता येतात. त्यानंतर मला काही बोलावं लागत नाही. अमरावतीहून शनिवार-रविवार येणारी एक मुलगी आता स्पर्धेच्या आदल्या रात्री डबा तपासून साठ पेलेटा वेगळ्या खोक्यात लावून आणते, आणि चाचणीच्या वेगळ्या.

शिसं विष आहे हेही मी त्यांना त्याच दिवशी सांगतो. बाबा छापखान्यातून आले की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासायचे, मग गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळाने काही होत नसावं, हात धुण्याने नक्की होतं. रेंजवर खाणं नाही, पेलेट ओठात धरणं नाही, सराव संपला की साबणाने हात, आणि घरी लहान मूल असेल तर तो शर्ट वेगळा धुवायचा. दादा वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो.

युरोपात पाणथळ जागांवर शिशाच्या छऱ्यांना 2023 पासून बंदी आहे आणि पुढे खेळापर्यंतही प्रश्न येईल, असं दिसतं. कथलाच्या पेलेटा बाजारात आहेत. दहा मीटरला त्या चालवून घेता येतील, असं मला वाटतं. जड रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं मात्र अवघड आहे. शिशाची घनता 11.34, कथलाची 7.3. तोळाभर कथलाची गोळी त्याच जाडीत शिशाच्या दीडपट लांब होईल, आणि पावणेएकोणीस इंचांत एक वेढा देणारी नळी तिला कमी वेगात सरळ ठेवू शकणार नाही. म्हणून दादाच्या क्लबात उपाय दुसऱ्या टोकाने चालू आहे. निशाण्यामागचा मातीचा बांध ठरावीक काळाने चाळतात, शिसं गोळा करतात, आणि सभासद तेच पुन्हा ओततात. आमच्या रेंजवर पेलेट पकडायचे सापळे आहेत, पण त्यांतलं शिसं आतापर्यंत कधी भंगारवाल्याकडे जायचं, कधी नुसतं झाडून टाकलं जायचं. आता सापळा रिकामा केला की वजन वहीत लिहायचं आणि शिसं बंद डब्यात ठेवून परवानाधारक पुनर्चक्रीकरणवाल्यालाच द्यायचं, असं मी मागे लागून ठरवून घेतलं आहे. वही टेबलाच्या खणात आहे, पेन दोरीने बांधलेलं आहे, आणि हातमोजे मुलांच्या मापाचे आणायचे बाकी आहेत.